बासी मोटर

संशयी आहे मी, आणि ते मला कुणी सांगायला नको. दूधवाल्याचं माप तळापर्यंत न्याहाळायचं, कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायचं, डॉक्टरनं दिलेली गोळी आधी ओळखीच्या कंपाउंडरला दाखवायची, ही माझी रीत. पिपलानीत कारखान्याच्या क्वार्टरमध्ये सव्वीस वर्षं काढली, पण मला कुणी फसवलं असं झालं नाही. निदान त्या उन्हाळ्यापर्यंत मी तसं छातीठोकपणे सांगत असे.

आमच्या घरात रोज सकाळी पाणी बदलायचं. आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी, मग ते अर्धा हंडा असो की भरलेली घागर, मोरीत ओतायचं. भांडी चिंचेनं लख्ख घासायची आणि नळाला आलेलं ताजं पाणी भरायचं. शिळं पाणी प्यायचं नाही, त्यात डाळ शिजवायची नाही, आणि देवाला तर ते दाखवायचंसुद्धा नाही. पुष्कळ घरांत ही रीत असते. माझ्या घरात ती नुसती रीत नव्हती.

माझ्या पाठचा बाळू चार वर्षांचा होता. वर्ध्याजवळच्या आमच्या गावात पटकीची साथ आली होती. घरात आदल्या दिवशीच्या पाण्याचा हंडा होता. बाळूनं त्यात तांब्या बुडवला आणि घटाघटा प्यायला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळू नव्हता. माणसं गावभर मेली, पण आईनं दोष दिला तो त्या हंड्याला. त्यानंतर आई रोज पहाटे दातओठ खाऊन हंडा उपडा करायची. मी ते बघत मोठी झाले आणि सासरी आले तेव्हा बाकी काही आणलं नसेल, पण तेवढं घेऊन आले.

आणि सासर कसलं, तर आमचे हे कारखान्याच्या पाणीपुरवठ्यात, पंप हाउसवर ऑपरेटर. तलावाचं पाणी मोटरींनी टाकीवर चढवायचं आणि ठरल्या वेळी टाउनशिपला सोडायचं, हे त्यांचं काम. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी मला एक गंमत म्हणून सांगितलं होतं. पहाटे साडेपाचला नळ सुटले की दोन मोटरी पुरतात, पण सहाच्या ठोक्याला तिसरी लावावी लागते, कारण तेव्हा क्वार्टराक्वार्टरांतून बायका कालचं पाणी ओततात आणि नवं भरतात. पंप हाउसवरची माणसं त्या तिसरीला बासी मोटर, म्हणजे शिळ्या पाण्याची मोटर, म्हणायची. सहा वाजले की कुणीतरी ओरडायचं, "चलो, बासी चालू करो." ती चालू झाली की विजेच्या मीटरचा काटा कसा उडी मारतो, ते ह्यांनी हाताच्या बोटानं मला करून दाखवलं होतं.

मला त्यात गंमत वाटली नाही. माझा एक हंडा तुमच्या मोटरीला जड झाला का, असं मी सुनावलं, आणि मग बाळूचं सांगितलं. हे गप्प झाले. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. गप्प झाले म्हणजे पटलं, असं मी धरून चालले.

पुढे पंधरा वर्षांनी एका दिवाळीत हंडा उचलताना माझ्या कमरेत अशी उसण भरली की आठ दिवस मी आडवी. तोवर ह्यांची पाळी सुटून जनरल शिफ्ट लागली होती. उद्यापासून पाणी मी भरीन, म्हणाले. आठ दिवसांचं ते काम अकरा वर्षं चाललं. मी अंथरुणात असायची आणि स्वयंपाकघरातून पाणी ओतल्याचा आवाज यायचा, मग चिंचेनं भांडं घासल्याचा, मग नळाचा. त्या आवाजात मला सकाळची दुसरी झोप लागायची. उठून बघावं तर हंडा आरशासारखा. नवरा पाणी भरतो म्हणून महिला मंडळातल्या बायका माझा हेवा करायच्या, आणि मी तो करू द्यायची.

त्या वर्षी माघात आमच्या यशवंताचं लग्न झालं. यशवंत एम. पी. नगरात एका वर्तमानपत्राच्या छपाई खात्यात आहे. सून नागपूरची, कांचन नाव. बी.एस्सी. झालेली, बोलायला कमी, मान खाली घालून काम करणारी. मला कमी बोलणाऱ्या माणसांचा भरवसा वाटत नाही. बोलणाऱ्याच्या मनातलं निदान अर्धं तरी बाहेर पडतं.

लग्नाला महिना झाला आणि ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. सहा महिने वजन उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. कमरेमुळे मला जमणार नव्हतं, यशवंत रात्रपाळीहून पहाटे येऊन झोपणारा, तेव्हा हंडा कांचनकडे गेला. ह्यांनी स्वतः वेताच्या मोड्यावर बसून तीन दिवस तिला शिकवलं. मी म्हटलंसुद्धा, पाणी भरायला शिकवायचं काय असतं. यावर हे हसले आणि म्हणाले की प्रत्येक घराची पद्धत असते.

चौथ्या दिवसापासून मला पहाटे जाग येऊ लागली. ह्यांच्या वेळी जी झोप लागायची ती सुनेच्या वेळी लागेना. कूस बदलून मी कान देऊन पडायची. ओतल्याचा आवाज यायचा, घासल्याचा यायचा. नळाचा आवाज मात्र मला खटकला. म्हणून मी आकडे मोजायला लागले. आमच्या नळाला एक घागर भरायला शंभर आकडे लागतात, हंड्याला दीडशे. एक हंडा आणि दोन घागरी म्हणजे साडेतीनशे व्हायला हवेत. कांचनचा नळ एकशेवीसला बंद झाला. दुसऱ्या दिवशी एकशेदहाला. तिसऱ्या दिवशी पाहुणे येऊन गेल्यामुळे पाणी जास्त संपलं होतं, तर एकशेऐंशी.

मी कांचनला काही विचारलं नाही. चोर सावध झाला की पुरावा जातो, हे काय मला कळत नाही? चहा झाल्यावर कढीपत्ता तोडायच्या निमित्तानं मी मागच्या अंगणात गेले. मोरीचं पाणी जिथे नालीत पडतं तिथे सिमेंट कोरडं होतं. एक मुंगळा त्याच्यावरून आरामात चालला होता. घरात दोन घागरी पाणी ओतलं गेलं असतं तर तो मुंगळा पार शेजारच्या शोभावहिनींच्या दारात पोचला असता.

ते वर्षच पाण्याच्या ओढीचं होतं. तलाव पायऱ्या सोडून आत गेला होता आणि संध्याकाळचं पाणी बंद झालं होतं. सेक्टरमधून जीप फिरायची आणि भोंग्यावरून हिंदीत सांगायची की पाणी जपून वापरा, पाणी वर चढवायला वीज लागते. मला त्या जीपचाही संशय. साहेब लोकांच्या बंगल्यापुढची हिरवळ मी बसमधून जाताना डोळ्यांनी पाहत होते. त्यांच्या हिरवळीसाठी माझ्या देवानं शिळं पाणी प्यावं की काय? कांचन मात्र ती जीप आली की खिडकीशी जाऊन ऐकायची. तेही मी मनात ठेवून दिलं.

शेजारच्या शोभावहिनी अकोल्याच्या, त्यांची थोरली सून वेगळी राहायला गेलेली, तेव्हा या विषयात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. मी त्यांना आडून आडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजकालच्या पोरी बहुत चालाक असतात ताई. आवाज पूरा करतील, काम अर्धं." मला अगदी पटलं. जे आधीच पटलेलं असतं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला गोड लागतं.

मग वैशाखाच्या तोंडावर यशवंताला कावीळ झाली.

आधी भूक मेली, मग ओकाऱ्या, आणि एका सकाळी आरशापुढे उभा राहून तो म्हणाला की आई, माझे डोळे बघ. डोळे हळदीसारखे झाले होते. पंख्याखाली पाय दुमडून झोपलेला पंचवीस वर्षांचा मुलगा मला बाळूएवढा दिसायला लागला. डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं. बाहेरचं काही पिता का, म्हणाले. यशवंतानं सांगितलं की ऑफिसखाली उसाचा रस मिळतो, तो रोज पितो, बर्फ घालून, आणि ऑफिसातले आणखी तिघं पिवळे झालेत. मग त्या बर्फानंच झालंय, असं डॉक्टर म्हणाले. हे सगळं माझ्यादेखत झालं. मी ऐकलंही. पण पाणी हा शब्द ऐकल्यावर माझे कान पुढचं घेईनात. माझ्या मनात नळ वाजत होता, एकशेवीसला बंद होणारा.

आता मला नुसता संशय पुरणार नव्हता. सुनेवर आळ घ्यायचा तर खुंटा हलवून बळकट करायला हवा. मी बराच विचार केला. पाण्यात काही टाकावं तर ओतताना दिसेल. रंग घालावा तर दिसेल. शेवटी मी दहा-बारा लवंगा वाटीभर पाण्यात उकळून त्यांचा काढा केला, आणि दिवेलागणीला कांचन गच्चीवरचे कपडे आणायला गेली तेव्हा हंड्यात ओतून झाकण लावलं. चिंचेनं घासलेल्या भांड्यात आणि ताज्या पाण्यात लवंग टिकत नाही. सकाळी पाण्याला लवंगेचा वास आला तर पाणी कालचंच.

सकाळी नेहमीचे आवाज झाले. मी उठले, तोंड धुतलं, देवापुढे हात जोडले आणि फुलपात्र भरून घेतलं. लवंग. पुसट, पण लवंगच. मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही.

हे सकाळी उठल्यावर चूळ भरून तांब्याभर पाणी पितात. त्या दिवशी त्यांनी पहिला घोट घेतला, थांबले, तांब्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी भाजी निवडत होते. मग त्यांनी तांब्या रिकामा केला. ह्यांना वास येत नसेल, ऑपरेशनपासून तोंडाला चव नाही, असं मला वाटलं.

खात्री म्हणून मी आणखी एक दिवस जाऊ दिला. दुसऱ्या दिवशीही लवंग होती, आणखी पुसट. मग त्या संध्याकाळी मी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. यशवंत कॉटवर उशीला टेकून फुटाणे खात होता. हे आरामखुर्चीत. कांचनला मी हंड्यातलं पाणी चार फुलपात्रांत आणायला सांगितलं आणि प्रत्येकाला एकेक द्यायला लावलं.

"वास घे," मी यशवंताला म्हटलं.

त्यानं घेतला. थोडा वेळ लागला, पण म्हणाला, लवंगेसारखा येतोय.

"परवा दिवेलागणीला मी हंड्यात लवंगांचा काढा ओतला. दोन सकाळी झाल्या त्याला. दोनदा पाणी ओतलं, दोनदा हंडा घासला, दोनदा नवं भरलं, आणि तरी लवंग पाण्यातच." मग मी कांचनकडे वळले. "तू माझ्या पोराला शिळं पाणी पाजलंस. त्याचे डोळे बघ."

कांचनचा चेहरा उतरला. तिनं एकदा मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं. हे आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. तिनं पुन्हा मान खाली घातली. यशवंत म्हणू लागला की आई, रसामुळे झालंय, डॉक्टर स्वतः म्हणाले. त्याला मी बोलू दिलं नाही. बायकोची बाजू घेणार नाही तर काय करणार तो? शोभावहिनींचे यजमान उद्या दुपारच्या गाडीनं नागपूरला जातायत, मी म्हटलं, त्यांच्याबरोबर तू माहेरी जा. मी बोलावीन तेव्हा ये. आणि तिच्या वडिलांच्या नावानं मी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. त्यात एवढंच होतं की मुलीला पाणी भरायला शिकवून पाठवावं. पाकीट चिकटवून मी ते तिच्या हातात दिलं.

"बरं, आई," एवढंच ती म्हणाली आणि आत बॅग भरायला गेली.

माझा संशय खरा ठरला होता. दुसऱ्या कुणाला अशा वेळी शांत झोप लागली असती. मी मात्र पहाटे साडेपाचला टक्क जागी झाले. नळ सुटल्याचा खरखर आवाज झाला. स्वयंपाकघरात कुणीतरी वावरत होतं. ओतल्याचा आवाज आला, बादलीत ओतावं तसा घुमणारा. घासल्याचा आला. मग नळ. मी मोजू लागले. एकशेपंधराला तो बंद झाला.

माझं डोकंच फिरलं. आज दुपारी माहेरी जायचंय, आणि जायच्या दिवशीसुद्धा लबाडी? मी तिरीमिरीत उठले. हिला रंगेहाथ पकडायचं आणि मग बोलायचं, म्हणून पाय न वाजवता दारापर्यंत गेले.

आत हे होते.

पोटाला डॉक्टरांचा पट्टा, वर बनियन, आणि हे मोरीच्या कडेला उकिडवे बसलेले. घासलेला हंडा चकाकत होता. बाजूच्या बादलीत कालचं पाणी होतं. हंडा त्यांनी तांब्याभर पाण्यानं विसळला, ते विसळलेलं पाणी झाडांच्या डब्यात काढून ठेवलं, मग हंड्याच्या तोंडावर धुतलेलं फडकं बांधून बादलीतलं पाणी तांब्या-तांब्यानं परत आत ओतलं. फडक्याची गाठ ते न बघता मारत होते. एक थेंब बाहेर सांडत नव्हता. पहिल्यांदा करणाऱ्याचे हात असे चालत नाहीत. हंडा गळ्यापर्यंत आला, वरची चार बोटं तेवढी त्यांनी शेजारच्या घागरीत भरून ठेवलेल्या नळाच्या पाण्यानं भरली.

मी दारात तशीच उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. झाकण लावलं आणि मगच वर बघितलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझी कमर धरली त्या दिवाळीपासून."

"अकरा वर्षं?"

"भांडं रोज घासलं. झाकण कधी उघडं ठेवलं नाही, कुणाचा हात आत बुडू दिला नाही. तेवढं केलं की पाणी एका रात्रीत काही बिघडत नाही, ते मी पंप हाउसवर रोज तपासताना बघतो. पण पाणी ओतवलं नाही गं मला. दिवसभर मोटर लावून मीच वर चढवायचं, आणि सकाळी उठून माझ्याच मोरीत सोडायचं, ते होईना. सहाला बासी चालू होते तेव्हा त्यात आपला हंडा नाही, एवढं तरी मला माहीत असायचं."

मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले की सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, आणि मी बाळूचं सांगितलं. त्यावर माणूस काय बोलणार? म्हणून त्यांनी मला माझ्या सवयीचा आवाज ऐकू दिला आणि पाणी वाचवलं. कांचनलाही तसंच शिकवलं.

संताप, फसवलं गेल्याची चीड, सगळं माझ्या डोक्यात एकदम चढलं. अकरा वर्षं! ज्या पाण्याचा मी देवाला अभिषेक केला, पाहुण्यांना ताजं म्हणून मिरवून दिलं, महिला मंडळात ज्याची शेखी मिरवली, ते सगळं कालचं, परवाचं. मी त्यांना बोलणार होते, चांगलं बोलणार होते. पण मग एक आठवलं.

"आणि काल संध्याकाळी?" मी म्हटलं. "मी त्या पोरीला बोलत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

त्यांनी ओले हात बनियनला पुसले. "घाबरलो," मग म्हणाले. "तुला सांगायला अकरा वर्षं घाबरलो, तसाच कालही घाबरलो. पण तिनं माझ्यासाठी तोंड मिटून घेतलं, ते मला रात्रभर टोचलं. म्हणून आज आवाज करत बसलो. तू उठून येशील हे ठाऊक होतं."

एवढ्यात कांचन आली. दुपारी जायचं म्हणून तिनं पहाटेच चांगलं पातळ नेसलं होतं. ह्यांना हंड्याला हात लावताना पाहून ती धावलीच. "बाबा, टाके आहेत तुमचे," म्हणाली, आणि हंडा त्यांच्या हातातून काढून चुंबळीवर नीट बसवला. मग मला पाहिलं आणि जागच्या जागी थबकली.

मला तिच्या तोंडाकडे बघवेना. नवऱ्याचा नळ मी अकरा वर्षांत एकदाही मोजला नव्हता. सुनेचा मोजायला मला चार दिवसही थांबवलं नव्हतं. नळ तोच, हंडा तोच, पाणी भरायची पद्धतही तीच. आणि यशवंत नववीत गेल्यापासून हेच पाणी पीत होता. त्याला एवढ्या वर्षांत कधी साधी जुलाबाची गोळी लागली नव्हती. रसवाल्याचा बर्फ डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितला होता, तो मी कानांत शिरू दिला नाही. मला इतकी लाज वाटली की पदर तोंडाला लावून मी मोड्यावर बसले.

"तू बोलली का नाहीस?" मी विचारलं. "बाबांनी शिकवलं, एवढं म्हणायचं होतंस."

"बाबा म्हणाले होते, आईंना कळू देऊ नकोस, त्यांच्या भावाचं दुःख आहे त्यात." कांचननं हंड्यावरचं झाकण सरळ केलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. "आणि तुम्ही मला विचारलंच नाहीत, आई. तुम्ही सांगितलंत."

मी तोंडावरचा पदर काढला.

पत्र दे इकडे, मी म्हटलं. तिनं आत जाऊन बॅगेतून पाकीट आणलं. चिकटवलं होतं तसंच होतं. मी ते न उघडता फाडलं, चार वेळा, आणि कोळशाच्या डब्यात टाकलं. शोभावहिनींच्या यजमानांना निरोप द्यायला हे पट्टा सावरत बाहेर पडले. एरवी मी म्हटलं असतं की यशवंताला पाठवा. आज म्हटलं, त्यांनाच जाऊ दे.

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच राहिलो. कांचन काय करावं ते न कळून हंड्याशी उभी होती. बाहेर कुठल्याशा क्वार्टरमधून मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या एका घरातून. सहा वाजले असणार.

"पाणी दे मला," मी म्हटलं.

तिनं नळाकडे हात नेला. नळाला अजून पाणी होतं.

"ते नको. हंड्यातलं."

तिनं झाकण काढलं, तांब्यानं फुलपात्र भरलं आणि माझ्यापुढे धरलं. बाळू आठवला, आई आठवली. मी डोळे मिटून फुलपात्र तोंडाला लावलं आणि एका दमात रिकामं केलं. पाणी गार होतं, गोड होतं. त्याला कसला वास होता, तर तो लवंगेचा, आणि ती त्यात मीच घातली होती.